दोन पानं एकदम उलटली

पियानो वाजवणाऱ्याच्या पुस्तकात दोघांचंही लिहिलेलं असतं. वर बारीक ठशात चेलोची ओळ, खाली पियानोच्या दोन. चेलोवाल्यापुढे मात्र फक्त त्याची स्वतःची ओळ असते. पियानो काय करतोय ते त्याने कानांनी समजून घ्यायचं. म्हणजे वाजवताना कुणाचं काय चुकलं हे पुराव्यानिशी सांगू शकेल असा माणूस स्टेजवर एकच असतो, आणि आमच्या जोडीत तो माणूस मी होते. एका संध्याकाळी चूक माझी झाली आणि ती अण्णांच्या नावावर गेली. मी ती जाऊ दिली. त्यांना वाटलं, आपली बुद्धी जायला लागली. पावणेदोन वर्षं त्यांना तसं वाटत राहिलं आणि पावणेदोन वर्षं मी गप्प बसले. हे लिहायला बसल्यापासून मी दोनदा उठून कॉफी करून आले आहे, त्यावरून माझ्या धैर्याची कल्पना यावी.

अण्णा माझे नात्यातले कुणी नव्हेत. मूळचे निपाणीकडचे. घरात मराठी, दाराबाहेर कानडी, आणि दोन्ही भाषा एकमेकींत इतक्या मुरलेल्या की कुठली कुठे संपते ते त्यांनाही ठाऊक नसावं. इंजिनिअर होऊन एका सरकारी संशोधन संस्थेत नोकरीला ते बंगळुरात आले तेव्हा पंचविशीचे होते. बरोबरचे लोक संध्याकाळी बॅडमिंटन खेळायचे. हे बसने शिवाजीनगरला जाऊन चर्चमध्ये वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे चेलो, म्हणजे गुडघ्यांमध्ये उभं धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन, शिकायला लागले. का, ते त्यांना कधी सांगता आलं नाही. ‘आवाज बरा वाटला,’ एवढंच म्हणायचे. तो बरा वाटलेला आवाज त्यांनी मग आयुष्यभर सोडला नाही. बदल्या-बढत्या, मुलीचं शिक्षण, हेब्बाळचा फ्लॅट, निवृत्ती, या सगळ्यातून चेलो बरोबर आला. माझी त्यांची ओळख झाली तेव्हा ते सत्तरीच्या पुढे होते. मी त्यांना अण्णा आणि त्यांच्या बायकोला अक्का म्हणायची. इथे जन्मलेल्या मराठी मुलीच्या तोंडी काका-काकू जरा कमीच येतात.

माझे वडील साताऱ्याहून इकडे कारखान्यात आले होते. कॉलनीत शेजारच्या बाई पियानो शिकवायच्या म्हणून मी शिकले. आईचं मत असं की पेटी शिकली असती तर निदान भजनाला उपयोगी पडली असती. आई अगदीच चुकीचं बोलत नव्हती. पंचेचाळिशी उलटली तरी मी जे. पी. नगरमधल्या माझ्या बैठकीच्या खोलीत, परीक्षेला लावलेल्या त्याच तीन रचना वर्षानुवर्षं मुलांकडून घोटून घेत होते. मुलं पास व्हायची, आया पेढे आणून द्यायच्या. मला पेढे नको होते. मला कुणीतरी ऐकायला हवं होतं. मुलांच्या आया सोडून कुणीही चाललं असतं.

अण्णा आणि मी वाजवायचो ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, पहिल्या महायुद्धाच्या आसपास लिहिलेलं संगीत. त्या काळात युरोपात चेलो आणि पियानो या दोनच वाद्यांसाठी फार सुंदर सोनाटे लिहिले गेले. त्याच्या आधीच्या शंभर वर्षांचं ऐकताना पुढे काय येणार याचा अंदाज लागतो. वाजवताना वाट चुकली तरी दोन ओळींत घर सापडतं. या लोकांनी ती सोयच काढून टाकली. स्वर कुठे वळतील सांगता येत नाही. एक बोलत असताना दुसऱ्याला मध्येच भलतंच काही आठवतं आणि तो ते सांगत सुटतो, तरी दोघं एकमेकांचं ऐकत असतात. आपल्याकडे गायक आणि तबलजी कितीही लांब गेले तरी समेवर येऊन भेटतात. इथे सम नाही. हात सुटला की सुटला. त्यात चेलोचा आवाज मधल्या पट्टीतला, माणसाच्या गळ्याच्या जवळचा. पियानोने जरा जोर केला की तो बुडतो, म्हणून पियानोवाल्याने स्वतःला सारखं आवरायचं असतं. मला ते आवरणं कधी फारसं मानवलं नाही, हेही इथेच सांगून टाकते.

दर रविवारी सकाळी सातला अण्णा हेब्बाळहून निघायचे. फ्लायओव्हर तुंबायच्या आत. छोटी गाडी स्वतः चालवायचे, आणि मागच्या सीटवर चेलो आडवा झोपवून त्याला पट्टा लावायचे. ‘लग्नाला एवढी वर्षं झाली, मला कधी यांनी स्वतः पट्टा लावून दिला नाही,’ असं अक्का एकदा मला म्हणाल्या, त्यावर अण्णा म्हणाले, ‘तू ब्रेक मारल्यावर घसरत नाहीस की.’ आठला आमची तालीम सुरू व्हायची. अण्णांचं वाजवणं फार चमकदार नव्हतं. वेगाच्या जागी बोटं जरा मागे पडायची. पण लांब स्वर असला की तो त्यांनी नुसता धरून ठेवावा आणि आपण ऐकत राहावं, असा होता. मी अंगात आल्यासारखी वाजवायला लागले की गज थांबवायचे. ‘अगं, स्वल्प आवर की. तू पण बोलायलीस, मी पण बोलायलोय. ऐकायचं कुणी मग?’ या संगीताच्या पुस्तकात ठरावीक अंतरावर चौकटीत इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, दोघांच्याही प्रतीत तीच. कुणी चुकलं की दुसऱ्याने ‘जी’ किंवा ‘के’ असं अक्षर ओरडायचं, आणि तिथे भेटायचं. आमच्या तालमीत बहुतेक वेळा ओरडणारी मी असायचे, कारण दोघांचं मलाच दिसत होतं.

अण्णांना एकच भीती होती. त्यांचे थोरले भाऊ शेवटची काही वर्षं स्वतःच्याच घरात बसून ‘मला घरी सोडा’ म्हणत होते. बायकोला ओळखत नव्हते. अण्णांनी ते जवळून पाहिलं होतं, आणि तेव्हापासून स्वतःवर डोळा ठेवून असायचे. रविवारी आल्या आल्या मला हसत सांगायचे, ‘आज चावी जागेवर सापडली बघ.’ हसत सांगायचे, पण न चुकता सांगायचे. एकदा पोहे खाता खाता बशी बाजूला ठेवून म्हणाले, ‘माझं कधी घसरायला लागलं तर घरच्यांच्या आधी तुला कळणार. तुझ्यापुढं दोघांचं लिहिलेलं असतंय. तसं काही दिसलं तर सांगायचं मला. मन मोडेल म्हणून गप्प बसायचं नाही. काय?’ मी हो म्हटलं. तेव्हा मनापासून म्हटलं होतं.

त्यांची एक इच्छा होती. त्या काळातला एक तीन भागांचा सोनाटा त्यांच्या गुरूंनी त्यांना शिकवायला घेतला होता आणि मधेच ते वारले. तो पुरा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकदा लोकांसमोर वाजवायचा. आम्ही तो दीड वर्ष बसवला. कॅन्टोन्मेंटच्या बाजूला एका जुन्या शाळेचा हॉल आहे, बरा ग्रँड पियानो असलेला. तिथे ऑगस्टमधल्या एका शनिवारची संध्याकाळ मिळाली. अण्णांनी त्यांच्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांना बोलावलं, जुन्या ऑफिसातल्यांना बोलावलं. मीही एका माणसाला बोलावलं: शहरातल्या एका नावाजलेल्या संगीतशाळेच्या प्रमुख बाईंना. तिथे शिकवायला मिळावं म्हणून मी तीनदा अर्ज केला होता.

आता पानांचं सांगते, कारण सगळं तिथेच आहे. मूळ पुस्तक अण्णांच्या गुरूंचं, हात लावला तर कोपरा तुटून हातात यावा असं झालेलं. म्हणून मी त्याच्या झेरॉक्स काढल्या, दोन-दोन कागद पाठीला पाठ लावून गोंदाने चिकटवले, आणि फाइलमध्ये लावले. पान उलटण्याची जागा अशी साधली की त्या वेळी माझा डावा हात मोकळा असेल. हे काम मी शुक्रवारी दुपारी घाईघाईत केलं. हवा दमट, गोंद वाळेना. एका पानाच्या कडेला जास्तीचा गोंद बाहेर आला तो मी बोटाने पुसला आणि बोट परकराला पुसलं, हे मला स्पष्ट आठवतंय.

शेवटच्या तालमीला अण्णा म्हणाले होते, ‘पान उलटायला कुणाला तरी बसव की शेजारी.’ माझ्याकडे शिकायला येणाऱ्या, बँकेतून रिटायर झालेल्या एक बाई होत्या. स्वरलिपी उत्तम वाचायच्या, आनंदाने बसल्या असत्या. मी नको म्हटलं. सांगितलं असं की मला माझी पानं स्वतः उलटायची सवय आहे. खरं कारण वेगळं होतं. त्याआधी एका घरगुती बैठकीत आम्ही वाजवलं तेव्हा सगळे अण्णांभोवती जमले, आणि एका गृहस्थांनी जाता जाता मला ‘साथ छान केलीत हं’ म्हटलं होतं. साथ! त्या सोनाट्यात पियानोला चेलोपेक्षा तिप्पट काम आहे. ती ‘साथ’ माझ्या डोक्यात वर्षभर ठणकत होती. आता संगीतशाळेच्या त्या प्रमुख बाई बघायला येणार, आणि माझ्या शेजारी खुर्ची टाकून कुणीतरी बसलेलं असणार, हे मला नको होतं.

पहिले दोन भाग छान झाले. खरंच छान झाले, आजही मी ते नाकारणार नाही. तिसऱ्या भागात एक जागा आहे, तिथे चेलो एकच स्वर बराच वेळ धरून राहतो आणि पियानो त्याच्याखालून चालत जातो. मी तिथे डाव्या हाताने पान उलटलं. दोन पानं एकदम उलटली.

मला कळलं नाही, कारण पुढच्या पानाच्या वरही तशीच चाल होती आणि अण्णांचा लांब स्वर तिच्यावर बसत होता. चार-पाच सेकंद सगळं ठीक वाटलं. मग अण्णांनी पुढची सुरावट सुरू केली आणि मी वरच्या बारीक ओळीकडे पाहिलं. तिथे सुरावट नव्हती. चेलोला तिथे विश्रांती होती. अण्णा त्यांच्या जागी बरोबर होते आणि मी दोन पानं पुढे जाऊन बसले होते.

मला तेव्हा दोन गोष्टी करता आल्या असत्या. पान मागे घेऊन ‘अण्णा, जी’ म्हणायचं, म्हणजे चुकलेलं माणूस कोण ते सगळ्या हॉलला कळलं असतं. किंवा काही न बोलता त्यांच्यापर्यंत मागे येऊन मिळायचं. गडबड झाली असती, पण दोघांची मिळून झाली असती. मी तिसरंच केलं. मी वाजवत राहिले. ठाम, न अडखळता, चेहऱ्यावर काही न आणता. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्या पानाकडे. त्यांच्यासमोर त्यांची एकच ओळ. पियानो इतका ठामपणे पुढे चाललाय म्हणजे आपणच मागे राहिलो, असं त्यांना वाटणार हे उघड होतं. त्यांनी एक ओळ सोडून उडी मारली, तिथे जमेना, आणखी एक सोडली. मग गज तारांवरून उचलला आणि हातात धरून बसून राहिले. चार ओळी मी एकटी वाजवत होते. आणि मग मी मान त्यांच्याकडे वळवली, हसले, आणि पहिल्या तीन रांगांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘अण्णा, एल.’

ते हसणं मला विसरता येत नाही. लहान मुलाचं बोट धरून रस्ता ओलांडून देताना हसतात तसं मी हसले होते. अण्णा एलला आले, आम्ही शेवटपर्यंत नीट पोचलो, लोक उभे राहिले.

आतल्या खोलीत अण्णा चेलो पुसत होते. गजाला लावलेल्या राळेची तारांखाली पडलेली पांढरी भुकटी ते नेहमी आधी पुसायचे. त्या दिवशी त्याच जागेवरून फडकं परत परत फिरवत होते. म्हणाले, ‘माफ कर गं पोरी. कुठं गेलो तेच कळालं नाही. माझं मला वाटत होतं मी बरोबर आहे. अगदी खात्री होती.’ मग म्हणाले, ‘किती वेळ हरवलो होतो?’

त्यांनी मला हे विचारायचा हक्क आधीच मागून घेतला होता आणि मी दिला होता. मी म्हटलं, ‘फार नाही हो अण्णा. होतं असं कधीकधी.’

‘सरी,’ म्हणाले, कानडीतलं ‘बरं’. फडकं घडी करून पेटीत ठेवलं.

बाहेर त्या प्रमुख बाई माझी वाट पाहत होत्या. ‘किती शांतपणे सावरून घेतलंत त्यांना,’ म्हणाल्या. दोन आठवड्यांनी त्यांच्या शाळेतून बोलावणं आलं. मी गेले. आजही तिथे शिकवते.

त्या रात्री घरी आल्यावर मी पानं तपासली. तो पुसलेला गोंद. स्वयंपाकघरातल्या सुरीने दोन पानं एकमेकांपासून सोडवली, आणि फाइल पियानोच्या स्टुलाच्या पोटात ठेवून दिली. अण्णांना फोन करायचा असं ठरवलं. सकाळी करू म्हटलं.

पुढच्या रविवारी अण्णा आले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांचाच फोन आला, की आता चेलो बंद. आवाज अगदी सरळ होता. डॉक्टरांकडे जाऊन आले होते. तपासण्या झाल्या, डोक्याचा फोटो निघाला, चित्रं काढायला लावली, उलटे आकडे म्हणायला लावले. सगळं उत्तम निघालं. ‘पण यंत्राला काय कळतंय गं,’ म्हणाले. ‘मी स्वतः बघितलंय की. दीड वर्ष वाजवलेलं. शंभर टक्के खात्री होती मला, आणि मी तिथं नव्हतोच. दादाचं पण असंच सुरू झालं. त्याला पण खात्री असायची.’

तेव्हा सांगायला हवं होतं. फोन हातात होता, ते थांबून ऐकत होते. मी म्हटलं, ‘अण्णा, इतकं मनावर घेऊ नका.’

मग गाडी गेली. त्यांनी किल्ली स्वतःहून अक्कांच्या हातात दिली. बिल्डिंगच्या कमिटीचं चिटणीसपद सोडलं. घरभर चिठ्ठ्या लागल्या: गॅस, गीझर, गोळ्या. हे सगळं मला अक्कांकडून फोनवर कळायचं. मी त्यांच्याकडे जाणं कमी केलं होतं. शाळेचं निमित्त आयतंच होतं. एकदा अक्का रडत होत्या. ‘तू तिथं होतीस. तूच सांग आता. खरंच एवढे चुकले होते काय ते? मला गाण्यातलं काही कळत नाही गं.’ मी म्हटलं, ‘अक्का, तुम्ही टेन्शन घेऊ नका.’ याहून हलकं वाक्य मराठीत मला तेव्हा सापडलं नाही.

स्वतःला पटवायला माझ्याकडे कारणं पुष्कळ होती. आता सांगून काय होणार. वय झालंच आहे, आज ना उद्या वाजवणं सुटलंच असतं. कदाचित तपासण्या चुकीच्या असतील. पण खरी लाज वाटावी असं दुसरंच आहे, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. एकदा अक्का म्हणाल्या की अण्णांनी इस्त्रीवाल्याला एकच निरोप दोनदा दिला. आणि मला बरं वाटलं. क्षणभर छाती मोकळी झाली. म्हणजे एका चांगल्या माणसाची बुद्धी खरोखर जावी, म्हणजे माझी लबाडी आपोआप खरी होईल, याची मी वाट पाहत होते. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी शाळेतल्या वर्गात होते आणि समोरची मुलगी स्वरांच्या शिड्या वाजवत होती. मी तिला थांबवायला विसरले. ती वाजवतच राहिली.

तरीही मी गेले नाही. मी गेले ती एका फडतूस प्रसंगानंतर. शाळेत नव्या शिक्षकांची ओळख करून देताना प्रमुख बाईंनी माझी गोष्ट सांगितली. एक वृद्ध कलाकार स्टेजवर हरवला, आणि यांनी एकही स्वर न चुकता त्याला कसं हाताला धरून परत आणलं. बाईंनी ती गोष्ट फार सुंदर सांगितली. टाळ्या झाल्या. मी उठून नमस्कार केला. खाली बसताना मला स्वतःची इतकी शिसारी आली की समोरचा वडा खाववेना. त्याच रविवारी मी फाइल पिशवीत घातली आणि हेब्बाळला निघाले. कॅबवाला फ्लायओव्हरवर अर्धा तास अडकला होता आणि मला तो अर्धा तास फार कमी वाटला.

दार अक्कांनी उघडलं. कडेवर नात. अण्णांची मुलगी त्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले वर राहायला आली होती, आणि ही तिची सव्वा वर्षाची पोर दिवसभर आजीकडे असायची. अण्णा खिडकीशी पेपर वाचत होते. बारीक झाले होते. मला बघून खूश झाले. ‘ये, ये. विसरलो नाही बघ तुला,’ म्हणाले, आणि हसले. मी बसले नाही. बसले तर बोलणं होणार नाही हे मला माहीत होतं. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. गोंद, दोन पानं, लांब स्वर, एल. सांगताना मी फाइलीकडे बघत होते, त्यांच्याकडे नाही.

त्यांनी हात पुढे केला. मी फाइल दिली. चष्मा वर करून त्यांनी तिसरा भाग काढला, ती जागा काढली. एक पान उलटून पाहिलं, मग दोन एकत्र धरून उलटून पाहिली. उजव्या हाताचं बोट वरच्या बारीक ओळीवरून चालायला लागलं. ओठ हलत होते. स्वतःची सुरावट त्यांनी मनातल्या मनात शेवटपर्यंत म्हणून बघितली. मग बोट कागदावर टेकवून म्हणाले, ‘इथं होतो मी.’

‘हो.’

‘बरोबर होतो की.’

‘हो, अण्णा.’

त्यांनी मान वर न करता विचारलं, ‘तुला कधी कळालं? घरी गेल्यावर?’

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. वाटेत मी उत्तर तयार केलं होतं: हो, घरी गेल्यावर, पानं तपासताना. त्याने निम्मा गुन्हा कमी झाला असता, आणि खरं-खोटं करायला तिसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, ‘नाही. तिथेच. एल म्हणायच्या आधी.’

अण्णांनी फाइल मिटली. रागावले असते तर मला ते हवं होतं. ते रागावले नाहीत. अक्कांच्या कडेवरच्या नातीकडे बघत म्हणाले, ‘हिला मी अजून एकट्यानं खालीसुद्धा नेलं नाही. कुठंतरी बसवून विसरून आलो तर, म्हणून.’

मग उठले. अक्कांसमोर जाऊन दोन्ही हात पुढे केले. पोर आपणहून त्यांच्याकडे झेपावली. तिला खांद्याशी घेऊन त्यांनी दारात चपला घातल्या आणि लिफ्टकडे निघाले. माझ्याशी बोलले नाहीत. त्यानंतर आजपर्यंत बोललेले नाहीत, आणि त्यांनी बोलावं असं म्हणायला मला तोंड नाही.

अक्का सवयीने लगबगीने त्यांच्यामागे गेल्या, एका पायात चप्पलही सरकवली, आणि उंबऱ्यातच थांबल्या. लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला. त्यांनी चप्पल काढली. माझ्याकडे वळल्या तेव्हा त्यांचा आवाज चढलेला नव्हता. कुठला तरी हिशेब लागत नसावा तशा बोलत होत्या.

‘दोन वर्षं होत आली गं,’ म्हणाल्या. ‘एवढ्या दिवसांत मी त्यांना बाथरूमला आतून कडी लावू दिली नाही. बाहेर उभी राहायची मी. ते आतून म्हणायचे, मी आहे, मी आहे. रोज.’